सुती बनियन आणि उणे अठरा

आमच्या कोल्हापुरात थंडी पडते म्हणजे काय, तर खोबरेल तेल गोठतं आणि बाटली उन्हात ठेवावी लागते. पारा १४-१५ वर आला की रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या डोक्यावर कानटोप्या चढतात. एवढ्या अनुभवावर मी जानेवारीत लेहला निघालो.

जायच्या आधी शेजारच्या काकांना भेटलो. काका मूळचे सैनिक टाकळीचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, बर्फात कैक हिवाळे काढलेले. मी कौतुकानं नवं जाकीट दाखवलं. त्यांनी विचारलं, "आत काय घालणार?" म्हटलं, बनियन, त्यावर थर्मल.

"सुती? काढून ठेव ते. आणि लेका, तिथं घाम येऊ द्यायचा न्हाई. थंडी बाहेरनं मारत न्हाई, घामातनं मारते."

मी मान डोलावली. बॅगेत सहा बनियन होते, ते सहाच राहिले. बनियनशिवाय घराबाहेर पडायचं म्हणजे मला उघडं पडल्यासारखं वाटतं, त्याला काय करणार.

लेह साधारण ३५०० मीटरवर. हवा विरळ, त्यामुळं पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. जिना चढला तरी धाप लागायची. उतरलो होतो एका घरात. तिथल्या आजींना सगळे 'आमा-ले' म्हणत, मीही म्हणू लागलो. नळ होते, पण शोभेचे. पाणी गोठून पाइप फुटतात म्हणून हिवाळाभर बंद. बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय धरलेली, ती मगानं फोडायची. संडासही कोरडा, वरून फावडंभर माती लोटायची. अंघोळीचा विषय मी एकदाच काढला. आमा-ले इतक्या हसल्या की पुन्हा काढला नाही.

रात्री उणे १८. बाहेर पाऊल टाकलं की पहिल्या श्वासाला नाकातले केस ताठ होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिशीवर वाफ गोठून पांढरी किनार आली. ओला रुमाल बाहेर टाकला, तर थोड्या वेळानं त्याचा पापड झाला. मोबाइल साठ टक्क्यांवर असताना एकाएकी मेला आणि बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम करायच्या शेगडीजवळ, ठेवल्यावर पुन्हा जिवंत झाला. तिथं डिझेलचंही आपल्या खोबरेल तेलासारखंच होतं, त्यातलं मेण थिजतं आणि गाडी अडून बसते. २०१९ पासून इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं डिझेल तिथं आणलंय, ड्रायव्हर मंडळींची तेवढी सोय झाली.

तिसऱ्या दिवशी अंगात कोल्हापूर संचारलं. शांतिस्तूपाच्या पायऱ्या दिसल्या आणि दोन थर्मल, स्वेटर, जाकीट अशा थाटात भराभर चढलो. ऊन कडक होतं, एक गाल भाजत होता. वर पोचेपर्यंत पाठ भिजली. मस्त वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मग ढग आला आणि वारा सुटला. आतला बनियन गार फडक्यासारखा पाठीला चिकटला. पाचेक मिनिटांत दातांवर दात वाजायला लागले, जाकिटाची चेन ओढायला बोटं ऐकेनात. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. सुती कापड पाणी शोषतं आणि ओलंच राहतं, वर अंगातली ऊब पळवतं. हे काकांनी वाक्यात सांगितलं होतं, मला पाठीवर शिकावं लागलं.

खाली आलो तेव्हा आमा-लेंनी काही न विचारता लोकरीचा जाड गोंचा, म्हणजे तिथला लांब अंगरखा, अंगावर टाकला आणि लोणी-मिठाचा चहा हातात दिला. एरवी मला तो चहा जात नाही. त्या दिवशी तीन कप घेतले. रात्री थुक्प्यात, म्हणजे तिथल्या नूडल्सच्या सुपात, कांदा-लसूण चटणी घातली, तेव्हा कुठं कान गरम झाले. सहाही बनियन बॅगेच्या तळाला गेले ते कोल्हापुरातच बाहेर आले.

परतल्यावर गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर काका भेटले. स्वेटर, मफलर, कानटोपी, हातात फेसाळ दुधाचा ग्लास. मी उत्साहानं स्तूपावरची फजिती सांगायला लागलो. त्यांनी अर्ध्यावरच थांबवलं.

"त्ये ऱ्हाऊ दे. आज गारठा लई हाय. कान झाक आधी."