थंडीतल्या कोंबड्या : तुंबलेली अन्नपिशवी आणि काळवंडलेला तुरा

कोल्हापुरात थंडी येते ती ऊसतोडीच्या जोडीने, आणि परसातल्या कोंबड्यांच्या गळ्याच्या तक्रारींचे मूळ मला थंडीपेक्षा या हंगामातच अधिक दिसते. खुराड्यात ऊब राहावी म्हणून पाचट अंथरले जाते, अंगणात चघळलेल्या उसाच्या चोयट्या पडतात, आणि कोंबडीने गिळलेले हे लांब, चिवट तंतू गळ्याखालच्या अन्नपिशवीत गुंतून बसतात.

पिशवी चाचपायची ती सकाळी, दाणे टाकण्यापूर्वी. रात्रभरात निरोगी कोंबडीची पिशवी रिकामी होते. संध्याकाळी ती टम्म असणे हे केवळ पोटभर चरल्याचे लक्षण आहे. सकाळीही ती मळलेल्या कणकेसारखी घट्ट लागली, तर तुंबली आहे असे समजावे. अशा कोंबडीला वेगळे ठेवून दाणे बंद करावेत, पाणी मात्र समोर असू द्यावे, चोचीच्या कडेने गोड्या तेलाचे थोडे थेंब सोडावेत आणि पिशवी बोटांनी हलके चोळावी. दुसऱ्या सकाळपर्यंत ती उतरली नाही, तर पशुवैद्यकाकडे न्यावे. पिशवी मऊ असून आत पाणी डुचमळत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल, तर प्रकार निराळा आहे : आत कॅन्डिडा ही बुरशी वाढलेली असते आणि तिला बुरशीनाशक औषधच लागते. कोंबडी उलटी धरून पिशवी रिकामी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच मानू नये, कारण तो द्रव श्वासनलिकेत गेल्यास कोंबडी जागीच दगावू शकते.

पोटात दाणा दळला जावा म्हणून बारीक खडी बाराही महिने समोर असावी. शिंपल्यांचा चुरा पोटात विरघळतो, त्यामुळे अंड्याच्या कवचाला त्याचा उपयोग होतो, दाणा दळायला होत नाही.

तुरा काळा पडला की हल्ली अनेकजण हिमदंशाचे निदान करून व्हॅसलिन चोळतात. हिमदंशाला शून्याखालचे तापमान लागते आणि कोल्हापूरचा पारा सहसा १० अंशांखालीही उतरत नाही. हिमाचल किंवा काश्मीरमध्ये तो होतो. तेथेही दंश झालेला भाग चोळायचा नसतो, आणि काळे पडलेले टोक कापायचे नसते. आपल्याकडे तुऱ्यावर खरखरीत, काळपट खपल्या दिसल्या, तर बहुधा तो कोंबड्यांना होणारा देवी हा रोग असतो. तो डासांमुळे पसरतो, म्हणून साचलेले पाणी काढावे आणि निरोगी पक्ष्यांच्या लसीकरणाविषयी विचारावे.

संपूर्ण तुरा निळा-जांभळा होऊन कोंबड्या सुस्तावल्या, धापा टाकू लागल्या किंवा एकामागून एक मरू लागल्या, तर मानमोडी (राणीखेत रोग) किंवा बर्ड फ्लूची शंका घ्यावी. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. अशा वेळी आजारी कोंबडी कापू नये, बाजारात नेऊ नये, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे.