केंब्रिजचं मुखदर्शन

केंब्रिजला एकतीस कॉलेजं आहेत आणि लंडनहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याच्या हातात फार तर पाच-सहा तास. त्यात स्टेशन गावापासून चांगलं मैलभर लांब. आदल्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर नकाशा टेबलावर पसरला आणि मग जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणवत नाही.

लेकीला किंग्ज हवं होतं. तिथल्या चॅपलचं छत तिने मोबाईलवर इतक्यांदा पाहिलं होतं की प्रत्यक्षात बघायचं काय उरलं होतं कोण जाणे. १४४६ला बांधायला घेतलेलं ते चॅपल पुरं व्हायला १५१५ उजाडलं. मधे गादीवरचे राजे बदलले, लढाया झाल्या, गवंडी आपले काम करत राहिले. नवऱ्याला ट्रिनिटी, कारण न्यूटनचं झाड. ते मूळ झाडाच्या वंशातलं आहे, मूळ झाड न्यूटनच्या गावी लिंकनशायरला, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही. "वंशातलं आहे ना? मग झालं." ट्रिनिटीच्या दरवाज्यावर आठवा हेन्री उभा आहे आणि त्याच्या हातात राजदंडाच्या जागी खुर्चीचा पाय आहे. एवढ्यासाठी मात्र मीही हात वर केला.

माझं मत सेंट जॉन्सला.

"तिथे काय आहे?" दोघांनी एकदम विचारलं.

तिथे रँग्लर परांजपे आहेत. म्हणजे होते. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढे फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले, ते. आमच्या आजोबांनी हा माणूस घरातल्या सगळ्या नातवंडांच्या मागे लावून दिला होता. तिकडे निकाल सेनेट हाउसच्या सज्जातून मोठ्याने वाचत, गुणांच्या क्रमाने, पहिला तो सीनियर रँग्लर. आजोबांना ही पद्धत फारच पटलेली. सहामाहीचे गणिताचे पेपर हातात आले की ते माडीच्या जिन्यावर चढत, चष्मा पुसत, आणि खाली उभ्या आम्हा चुलत-आते भावंडांची नावं खणखणीत आवाजात वाचत. माझं नाव येईपर्यंत खालचे अर्धे प्रेक्षक जेवायला बसलेले असत. परांजप्यांचा पहिला नंबर आणखी एकाबरोबर विभागून होता हे मला मोठेपणी वाचून कळलं. आजोबांच्या गोष्टीत तो दुसरा कधी नव्हताच.

आणि रामानुजन? तो आईच्या खात्यावर. तिला त्याच्या गणितापेक्षा जेवणाची काळजी. १९१४ला गेला, लगेच लढाई सुरू झाली, शाकाहारी मुलगा, खोलीवर स्वतः रांधून खायचा. "काय मिळत असेल त्याला तिथे?" असं ती दर वेळी इतक्या कळवळून म्हणायची की तो आमच्या नात्यातला असावा. म्हणून ट्रिनिटीला आणखी एक मत. यादी आम्ही करत होतो असं नुसतं वाटत होतं. ती कधीच करून ठेवलेली होती, भलत्याच माणसांनी.

माझा हट्ट एवढाच की एका कॉलेजात तरी नीट बसायचं. बाकीच्यांचं मुखदर्शन. पंढरपूरला पददर्शनाच्या रांगेला वेळ नसला की आपण लांबून हात जोडतो, विठोबा काही रागावत नाही. इथे दरवाज्यातून आत डोकावायचं, ती कडक कापलेली हिरवळ बघायची आणि पुढे निघायचं. हिरवळीवर पाय ठेवायचा मान फक्त फेलोंचा. क्वीन्सचा लाकडी पूल तर रस्त्यावरूनच दिसतो. तो न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला, अशी दंतकथा आहे. पूल १७४९चा, न्यूटन वारला १७२७ला. पण गोष्ट सांगण्याजोगी आहे, त्यामुळे ती चालूच राहणार.

नारळीकर मात्र राहिले. त्यांचं फिट्झविल्यम गावाबाहेर चढावर, तिथे जाऊन यायचं तर किंग्ज सोडावं लागलं असतं. शिवाय ते शिकत होते तेव्हा फिट्झविल्यम त्या जागी नव्हतंच, गावात ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर होतं. त्या रस्त्यावरून आम्ही चालत गेलो. तेवढं जमेला धरलं.

ठरल्याप्रमाणे बसलो सेंट जॉन्समध्ये. परांजप्यांची खोली कुठली, कुठल्या जिन्याने जायचं, काहीच माहीत नव्हतं, म्हणून एका बाकावर बसून लेकीला आजोबांच्या जिन्याची गोष्ट सांगितली. ती हसली. मग म्हणाली, "तिकडे सज्जातून मुलींची नावं वाचायचे?"

वाचायचे. पुरुषांची यादी संपली की, वेगळी. १८९० साली न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेटचं नाव आलं तेव्हा वाचणाऱ्याने सांगितलं की ती सीनियर रँग्लरच्या वर आहे.

"म्हणजे पहिली तीच ना?"

गुणांनी तीच. सीनियर रँग्लर मात्र तिच्या खालचा मुलगा.

"मग तिला काय मिळालं?"

पदवीसुद्धा नाही. केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९४८ साली. त्याच वर्षी ती वारली.

लेकीने नकाशा मागून घेतला. न्यूनम नदीच्या पलीकडे आहे, फार लांब नाही. आमच्या यादीत ते कुणाच्याच नावावर नव्हतं.