पंधरा फुटांची काठी आणि वीस फुटांवरचा मासा

एडिंबरात तीन दिवस काढले. किल्ला पाहिला, पाऊस पाहिला, पावसातून पुन्हा किल्ला पाहिला. मग इन्व्हर्नेसला एक रात्र. या चार दिवसांबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते भरपूर लिहून ठेवलंय. मला सांगायचंय ते ग्रँटाउन-ऑन-स्पे या गावाजवळ ऑगस्टच्या शेवटी मांडीपर्यंतच्या पाण्यात उभा राहून मी तीन तास स्वतःचा उजवा कान कसा वाचवत होतो, त्याबद्दल.

मी फ्लाय फिशिंगच्या नादाला लागून दोन वर्षं झाली. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या गळात वजन असतं ते आमिषाला किंवा शिशाला. ते फेकलं की दोरी आपोआप मागून जाते. इथे उलटं. हूकला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. फेकायची असते ती जाड, वजनदार दोरी, म्हणजे लाइन. तिच्या वजनाने काठी वाकते, काठी सरळ होताना लाइनला ढकलते, आणि टोकाची माशी निमूटपणे मागून जाते. त्यामुळे काठी कुठली घ्यायची हा प्रश्न इथे हौसेचा राहत नाही. काठी वाकली नाही तर काहीच होत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. काठी मात्र मी घेतली ती व्हिडिओ बघून. नऊ फूट, पाच नंबर (म्हणजे पाच नंबरच्या वजनाच्या लाइनसाठी केलेली), चार तुकड्यांची, फास्ट ॲक्शन. नऊ फूट पाच नंबर ही शिफारस जगात जो तो करतो आणि ती चुकीचीही नाही. चूक केली ती ‘फास्ट’ या शब्दाने. फास्ट म्हणजे फक्त शेंड्याकडे वाकणारी, बाकी ताठ. मीडियम मधल्या भागापर्यंत वाकते आणि स्लो थेट मुठीपर्यंत. फास्ट काठीने लाइन लांब जाते, आणि मैदानावर हूकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करताना मला लांबच जायचं होतं. अठरा मीटर, वीस मीटर. पावलं मोजून बघायचो. त्या मैदानात एकही मासा नव्हता ही गोष्ट दोन वर्षांत माझ्या लक्षात आली नाही.

तर स्पे. ब्रिटनमधल्या मोठ्या नद्यांमध्ये ही वेगाने धावणारी म्हणून ओळखली जाते, आणि पात्रात दोन पावलं टाकली की ते पिंढऱ्यांना कळतं. पाणी काळ्या चहासारखं, पण स्वच्छ. स्कॉटलंडमध्ये गळासाठी सरकारी परवाना लागत नाही, त्या पाण्याच्या मालकाची परवानगी मात्र लागते. ती काढली होती. सोबत एक दिवसासाठी गिली ठरवला होता. गिली म्हणजे नदीवरचा वाटाड्या आणि गुरू. मूळ गेलिक शब्दाचा अर्थ ‘पोरगा’. आमचा पोरगा सत्तरीचा होता. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायला लागलो.

आजोबांनी माझ्या काठीची नळी उघडायला लावली. काठी जोडून हातात घेतली, दोनदा हवेत हलवली.

“छान आहे,” म्हणाले. “गाडीत ठेवा.”

आणि स्वतःची काढून दिली. पंधरा फुटी, दोन हातांची, दहा नंबर. साडेचार मीटर काठी हातात घेतल्यावर माणूस आधी हसतो, मग गप्प होतो. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तिचं कारण कळलं. पाठीमागे उंच काठ आणि त्यावर झाडं, अगदी पाण्यापर्यंत आलेली. माझी पद्धत, म्हणजे लाइन आधी डोक्यावरून मागे सरळ सोडायची आणि मग पुढे, इथे पहिल्याच फेकीला बर्चच्या फांदीत संपली असती. याच अडचणीतून एकोणिसाव्या शतकात या नदीवर स्पे कास्ट जन्माला आली. लाइन मागे जाऊच द्यायची नाही. ती पाण्यावरून उचलून आपल्या बाजूला आणून टेकवायची, माशीजवळचा थोडा भाग पाण्याला चिकटलेला ठेवायचा आणि उरलेल्या लाइनचं काठीमागे इंग्रजी डीच्या आकाराचं पोट तयार करायचं. पाणी लाइनला धरून ठेवतं, त्या ओढीवर काठी वाकते, आणि मग पुढे. एवढं मोठं पोट उचलायला लांब काठी हवी, आणि लांब काठीला दोन हात.

वाचायला किती सोपं आहे बघा.

पहिली फेक माझ्या पायाशी येऊन पडली. लाइन भिजलेल्या चादरीसारखी गोळा झाली. दुसऱ्या वेळी माशी कानाजवळून गेली, आणि तिचा आवाज चिलटासारखा बारीक नव्हता, चांगला ‘व्हूप’ असा होता. आजोबांनी वाऱ्याकडे बोट दाखवलं. वारा प्रवाहाच्या दिशेने वाहतोय, म्हणजे लाइन खालच्या अंगाला ठेवायची, डबल स्पे करायची. सिंगल, म्हणजे लाइन वरच्या अंगाला ठेवून केलेली फेक, केलीत तर वारा हूक आणून तुमच्याच अंगात घालेल. मी मान डोलावली आणि सिंगल केली. हूक टोपीत. त्याचा काटा आजोबांनी सकाळीच पकडीने चेपून ठेवला होता म्हणून तो सुखाने निघाला.

मग ते माझ्या शेजारी पाण्यात येऊन उभे राहिले. माझा उजवा हात, जो वर असतो, त्याची पकड बोटाबोटाने सैल केली. दोनच बोटं आणि अंगठा. म्हणाले, “हा हात फक्त टेकू. काम खालच्याने करायचं. खालचा आपल्या पोटाकडे ओढा.” दोन वर्षं ज्या हाताने मी वीस मीटर मारत होतो तो हात फक्त टेकू! मी ओढलं, पण उजवा ऐकेना. ढकलायची सवय लागलेला हात पोटाकडे ओढणाऱ्या हाताशी भांडत होता आणि मधल्या मधे काठी थरथरत होती. तीन तासांत साधारण सव्वाशे फेकी झाल्या असतील. त्यातल्या दोन बऱ्या. सॅमनचा पत्ता नाही. एकदा मधल्या धारेत एक भला मोठा उसळला आणि आडवा पडला, धप्पकन. आजोबा म्हणाले, “तो खायला आलेला नाही. नदीत शिरला की सॅमन जेवत नाही.” मग तो माशी का धरतो, विचारलं. त्यांनी खांदे उडवले.

दुपारी नदीकाठच्या लाकडी खोलीत बसलो. तिथे दुसरे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे सात काठ्या. त्यांनी मला कार्बन फायबरच्या प्रतींवर अर्धा तास व्याख्यान दिलं आणि कुठल्या काठीचं वजन किती ग्रॅम हे तोंडपाठ सांगितलं. मासा मिळाला का विचारल्यावर विषय बदलला. मला त्यांचा राग आला, कारण ते अगदी माझ्यासारखे होते, फक्त सहा काठ्यांनी पुढे.

त्याच खोलीच्या भिंतीवर एक जुनी काळपट काठी आडवी टांगलेली होती. ग्रीनहार्टची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या गयानाकडून येणाऱ्या लाकडाची; तुकडे तिरपे कापून एकमेकांवर ठेवायचे आणि पट्टीने गुंडाळायचे, धातूचा सांधा नाही, म्हणजे वाक कुठे तुटत नाही. आजोबांनी ती खाली काढून माझ्या हातात दिली. पहारच. ते म्हणाले की बांबूच्या चिपा चिकटवून केलेल्या काठ्या आल्या तेव्हा आधी वापरला जायचा तो ‘कलकत्ता केन’, चीनचा टोंकिन बांबू नंतरचा. हे नाव त्या खोलीत ऐकताना गंमत वाटली. आपल्याकडच्या बांबूने इथल्या माशांना त्रास दिला होता तर.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंनी माझी ओली रबरी विजार दाराबाहेर ठेवायला लावली, आणि ती रात्रभर पावसात आणखी भिजली. स्वच्छता मलाही आवडते, पण मासेमारीच्या गावात राहायला जागा देता तर एक खुंटी आत ठोका की!

दुसऱ्या दिवशी गिलीचे पैसे दिलेले नव्हते, तरी आजोबा आले. म्हणाले, आज डलनेनवर जाऊ, तुमची काठी घ्या. डलनेन ही स्पेला मिळणारी लहान नदी. काही ठिकाणी उडी मारून ओलांडावी इतकी अरुंद, दोन्ही बाजूंनी आल्डरची झाडं वाकलेली, वर टेकड्यांवर हेदर जांभळं झालेलं. इथे ब्राउन ट्राउट. मला हायसं वाटलं. आज माझी काठी, माझी फेक.

एका झाडाखाली मासा वर येत होता. पाण्यावर छोटं वर्तुळ, थांबून पुन्हा तिथेच. अंतर वीस फूट, सहा मीटर. मी मैदानावर याच्या तिप्पट मारतो. फेकलं, आणि लाइन काठीच्या शेंड्यापुढे मेलेल्या गांडुळासारखी पडली. पुन्हा जोर लावला. या वेळी पाण्यावर चापट बसली आणि वर्तुळ बंद झालं.

इथे मला तो आकडा आठवला जो मी पाठ करूनही कधी वापरला नव्हता. लाइनचे नंबर 1961 सालापासून ठरलेले आहेत ते तिच्या पुढच्या तीस फुटांच्या वजनावर. पाच नंबर म्हणजे त्या तीस फुटांचं वजन 140 ग्रेन, साधारण नऊ ग्रॅम. माझी काठी त्या नऊ ग्रॅमना वाकते. आणि मासा वीस फुटांवर असताना पुढचे नऊ फूट तर नुसता पारदर्शक बारीक धागा. खरी लाइन बाहेर होती जेमतेम दहा-अकरा फूट. तीन ग्रॅम. तीन ग्रॅमला माझी ताठ, लांब पल्ल्याची, कौतुकाची काठी हलायलाही तयार नव्हती. मी झाडूच्या दांड्याने मासे धरत होतो म्हणा ना.

आजोबांनी पाठीवरच्या पिशवीतून एक छोटी काठी काढली. साडेसात फूट, तीन नंबर, फायबरग्लासची, मधासारख्या रंगाची, बूच लावलेली मूठ काळी पडलेली. हलवली की पार मुठीपर्यंत लवायची, अगदी वेताच्या छडीसारखी. मैदानावर मी तिला हसलो असतो. “हळू,” ते म्हणाले, “तिची वाट बघा.”

वाट बघणं हेच अवघड. मागे गेलेली लाइन सरळ होईपर्यंत थांबायचं, काठी तळहातात जड होते ती कळेपर्यंत. फास्ट काठी ते तुम्हाला सांगतच नाही, तिचं सगळं शेंड्याला चालतं. ही मात्र तळहातात सांगत होती, आता, आता. चौथ्या की पाचव्या फेकीला माशी आल्डरच्या पानांखाली सरकली आणि पाण्यावर बसली, बसली म्हणजे खरोखर एखादा किडा बसावा तशी. वर्तुळ आलं. मी काठी उचलली आणि ती मुठीपर्यंत धडधडायला लागली.

वीतभर मासा. पोटाकडे लोण्यासारखा पिवळा, अंगावर तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, कुणी टोकदार ब्रशने काढल्यासारखं. हात ओले करून धरला, हूक सोडवला, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात ठेवला. दोन क्षण तळहातावर तसाच राहिला आणि मग नव्हता. मोठ्या काठीवर हा मासा लागल्याचं कळलंही नसतं. त्या दिवशी सात मिळाले, सगळे तेवढेच, आणि इतका आनंद मला वीस मीटरच्या एकाही फेकीने दिला नव्हता.

परतताना मी विचारलं की मग काठी कुठली घेऊ. मला नंबर हवा होता. आजोबांनी उलट प्रश्न विचारले. तुम्ही उभे कुठे राहणार? मागे काय आहे? मासा किती अंतरावर? वारा असतो का? पाण्यावर तरंगणारी माशी आवडते की बुडणारी जड? जड माशी आणि वारा असेल तर तुमची फास्ट काठीच बरी, तिला शिव्या देऊ नका, म्हणाले, उघड्या तळ्यावर ती तुम्हाला वाचवेल. मी प्रत्येक प्रश्नाला ‘अवलंबून आहे’ म्हणत गेलो. खरं उत्तर होतं की मी कधी विचारच केला नव्हता. मला फेकायला आवडत होतं. मासे त्यात नंतर आले.

रविवारी स्कॉटलंडमध्ये सॅमन धरायला कायद्याने बंदी. मी 1754 सालच्या जुन्या दगडी पुलावर बसून राहिलो. खाली सॅमन उसळत होते, बहुधा त्यांना वार माहीत असावा.

सोमवारी निघायच्या आधी तासभर आजोबांकडे पुन्हा ती पंधरा फुटी मागितली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. छोटी काठी माझी, हे मला कळलं होतं. तरी ती लांबडी छळत होती. वारा पडलेला. उचलली, बाजूला आणली, टेकवली, मागे लाइनचं पोट भरलं आणि डाव्या हाताने पोटाकडे ओढलं. उजवा, काय झालं कुणास ठाऊक, गप्प राहिला. लाइन नदीवर उलगडत गेली, गेली, पलीकडच्या काळ्या पाण्यापर्यंत, आणि तिचं शेवटचं टोक अलगद पालथं झालं.

मी वळून पाहिलं. चिलटांचा थवा उठला होता आणि आजोबा टोपीने तोंड झाकून गाडीकडे पळत होते.