रात्री अलर्ट कोण बघणार? आमची वाटचाल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं काम सुरू झालं ते कॉम्प्युटर दुरुस्ती आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारांपासून. सर्व्हर बसवायचा, टॅली चालू ठेवायची, प्रिंटर अडला की माणूस पाठवायचा आणि वर्षातून एकदा अँटीव्हायरस रिन्यू करून द्यायचा. गिऱ्हाइकं म्हणजे ऑटो पार्ट्सचे व्हेंडर, पॅकेजिंगवाले, काही सीए आणि द्राक्षं बाहेर पाठवणारे निर्यातदार. टास्कबारवरचं चिन्ह हिरवं दिसतंय ना, यापलीकडे सुरक्षेबद्दल कुणी काही विचारत नसे.

2017 साली हे बदललं. 12 मे रोजी वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला. त्यानं वापरलेल्या विंडोजमधल्या त्रुटीवरचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिला होता. पुढे 27 जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि न्हावा शेवाच्या बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. आमच्या भागातला निर्यातीचा माल त्याच बंदरातून जातो, त्यामुळे व्हायरस म्हणजे थांबलेला कंटेनर, हे मालकांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. वर्षभरानं, ऑगस्ट 2018 मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात 94 कोटी रुपये गेले. त्यानंतर अंबड-सातपूरमधले कारखानदार स्वतःहून फोन करून विचारू लागले, "आमच्याकडे असं झालं तर कळेल का?"

खरं उत्तर होतं, अँटीव्हायरसवर कळेलच असं नाही. आजचा हल्लेखोर बऱ्याचदा व्हायरसची फाइल आणतच नाही. विंडोजमधलंच पॉवरशेल हे आज्ञा चालवण्याचं साधन वापरतो, चोरलेला पासवर्ड वापरतो, अ‍ॅडमिन लोकांचीच साधनं वापरून एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर जातो. म्हणून मशिनवर काय काय घडतंय याची सतत नोंद ठेवणारी ईडीआर सॉफ्टवेअर आली. त्या प्रकाराला नाव मिळालं 2013 मध्ये, गार्टनर या संशोधन कंपनीच्या अँटन चुवाकिन यांच्याकडून. पालो आल्टो या सुरक्षा कंपनीचे नीर झुक यांनी 2018 मध्ये एक्सडीआर हा शब्द पुढे आणला. ईडीआरची नजर मशिनवर असते. एक्सडीआर त्या नोंदींना मेल, लॉगिन, फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) आणि क्लाउडच्या नोंदी जोडतं.

ही जोडणी का लागते, ते एका निर्यातदाराकडे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. अकाउंट्सच्या मॅडमचा मेलचा पासवर्ड एका खोट्या लॉगिन पानावर गेला. रात्री परदेशातून लॉगिन झालं आणि मेलबॉक्समध्ये एक नियम तयार झाला: विषयात 'इनव्हॉइस' किंवा 'पेमेंट' असेल तर मेल आरएसएस फीड्स या फोल्डरमध्ये टाकायचा आणि वाचलेला दाखवायचा. त्या फोल्डरकडे कुणी कधी बघतं का? तिथे बसून चोर परदेशी ग्राहकाला बदललेला बँक खाते क्रमांक कळवत होता. ग्राहकानं पैसे सोडण्याआधी फोन केला म्हणून रक्कम वाचली. मॅडमच्या कॉम्प्युटरवर एकही संशयास्पद फाइल नव्हती, ईडीआर तिथे गप्पच बसलं असतं. परदेशातलं लॉगिन आणि नवा मेल नियम या दोन्ही नोंदी एकत्र बघणारं काहीतरी हवं होतं.

त्या प्रकरणानंतर आम्ही एक्सडीआरची तुलना गांभीर्यानं सुरू केली. माहितीपत्रकांवरून काही ठरत नाही, कारण ती सगळी एकाच सुरात बोलतात. मायटर ही अमेरिकेतली ना-नफा संस्था या उत्पादनांच्या चाचण्या घेते, त्यांचे निकाल जरूर वाचावेत, पण मायटर कुणाला क्रमांक देत नाही. एकाच फेरीनंतर अनेक कंपन्या स्वतःला पहिलं म्हणवून घेतात ते त्यामुळेच. 2024 च्या फेरीत मायटरनं खोटे अलर्ट आणि अलर्टची एकूण संख्या मोजायला सुरुवात केली. छोट्या फर्मनं आधी ते आकडे बघावेत असं माझं मत आहे.

आम्ही ऑफिसच्या मागच्या खोलीत एक नकली कारखाना उभा केला: अकाउंट्सचे म्हणून दोन जुने पीसी, एक छोटा सर्व्हर आणि सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्राच्या शेजारी असतो तसा विंडोज 7 चा डबा. अ‍ॅटॉमिक रेड टीम या फुकट मिळणाऱ्या संचातून चाचण्या निवडल्या आणि प्रत्येक उत्पादनावर तोच क्रम चालवला. एक्सेलच्या फाइलमधून पॉवरशेल सुरू करायचं, लॉगिन सांभाळणाऱ्या एलसॅस या विंडोजच्या प्रक्रियेच्या मेमरीतून पासवर्ड काढायचा प्रयत्न करायचा, मग सर्व्हरवर उडी आणि शेवटी विंडोजच्याच व्हीएसएसअ‍ॅडमिननं शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजनं ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती, पुसायच्या. रॅन्समवेअरवाले जवळपास याच वाटेनं येतात.

पकडलं बहुतेकांनी. फरक पडला तो दाखवण्यात. एका उत्पादनाच्या कन्सोलवर, म्हणजे अलर्ट दाखवणाऱ्या पडद्यावर, या सगळ्याचे सुटे सुटे अलर्ट आले, काही लाल, काही पिवळे, आणि त्यांत आमच्याच बॅकअप स्क्रिप्टचेही. दुसऱ्या कन्सोलवर एकच घटना उघडली: वर एक्सेल, त्याखाली पॉवरशेल, त्याखाली एलसॅस, मग सर्व्हरकडे जाणारी रेघ, आणि शेजारी मशिन नेटवर्कमधून तोडण्याचं बटण. आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली मुलगी ते चित्र बघून म्हणाली, "सर, सुरुवात इथे झाली." रात्री पाळीवर एकटं असलेल्या माणसाला हेच कळायला हवं असतं.

उत्पादनांबद्दल थोडक्यात सांगतो. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट 365 बिझनेस प्रीमियम आहे, त्यांना तीनशे वापरकर्त्यांपर्यंत चालणारं डिफेंडर फॉर बिझनेस हे सुरक्षा सॉफ्टवेअर त्यातच मिळतं, मेल आणि लॉगिनच्या नोंदीही त्याच घरातल्या. कित्येक मालक पैसे भरूनही ते चालू करत नाहीत, म्हणून आम्ही आधी ते तपासतो. सर्व्हरचं लायसन्स मात्र वेगळं घ्यावं लागतं. सोफोसचा फायरवॉल आमच्या भागात भरपूर आहे. अहमदाबादची सायबरोम कंपनी त्यांनी 2014 मध्ये घेतली, तेव्हापासूनची गिऱ्हाइकं टिकून आहेत. तिथे मशिनवरचा एजंट (नजर ठेवणारा छोटा प्रोग्रॅम) आणि फायरवॉल एकमेकांशी बोलतात, आजारी मशिन फायरवॉलच अडवतो. सेंटिनलवनचं विंडोजवरचं रोलबॅक, म्हणजे फाइली हल्ल्याआधीच्या स्थितीत परत आणणं, उपयोगी आहे, पण ते शॅडो कॉपींवर उभं असल्यामुळे त्याला बॅकअप समजू नये. पुण्याच्या क्विक हीलचं सेक्राइटही आम्ही बसवतो. कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून उभी राहिलेली ही मराठी माणसांची कंपनी आहे, आणि दुरुस्तीतूनच पुढे आलेल्या आमच्यासारख्यांना तिचा मनापासून अभिमान वाटतो. वाझू तर मुक्त (ओपन सोर्स) आणि फुकट. शिकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, आमची पोरं त्यावरच तयार झाली. पण त्याचा सर्व्हर सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही, तो खर्च धरूनच तुलना करावी.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांमुळे आमच्या यादीत आणखी एक प्रश्न आला. घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं आणि लॉग (नोंदी) 180 दिवस, भारतात, जपायचे. छोट्या उद्योगांना त्या वर्षी 25 सप्टेंबरपर्यंत मुदत होती, तीही कधीच संपली. स्वस्त पॅकेजमध्ये बऱ्याचदा तीसच दिवसांच्या नोंदी राहतात. कोटेशनमध्ये ही ओळ शोधावी आणि नसेल तर लिहून घ्यावी.

19 जुलै 2024 ची सकाळही आम्ही विसरणार नाही. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशिनं बंद पाडली, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हापासून अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडता येतात का, हे आम्ही प्रत्येक कंपनीला विचारतो, आणि बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाच्या, रिकव्हरी की छापून गिऱ्हाइकाच्या तिजोरीत ठेवायला लावतो.

एवढं सगळं तपासल्यावरही शीर्षकातला प्रश्न उरतोच. रॅन्समवेअर चालवणारे रात्र, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या निवडतात. दिवाळीत अंबड एमआयडीसीत वॉचमन सोडला तर कुणी नसतं. लाल अलर्ट येऊन सकाळपर्यंत कुणी बघितला नाही तर लाखाचं सॉफ्टवेअर काय कामाचं? मोठी गिऱ्हाइकं एक्सडीआर विकणाऱ्या कंपनीचीच एमडीआर नावाची देखरेख सेवा घेतात, चोवीस तास त्यांची माणसं बघतात. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी आम्ही स्वतःची रात्रपाळी सुरू केली. आमच्या व्यवसायातला सगळ्यात महागडा निर्णय तोच, आणि मला सगळ्यात प्रिय असलेलाही तोच.

पाळी लावण्याआधी प्रत्येक मालकाबरोबर बसून एक कागद करतो. कुठलं मशिन न विचारता नेटवर्कमधून तोडायचं? अकाउंट्स आणि एचआरचे पीसी बिनधास्त तोडा, असं बहुतेक जण सांगतात. डिस्पॅचच्या सर्व्हरला आधी फोन, कारण गाडी गेटवर उभी असते. सीएनसीला प्रोग्रॅम देणाऱ्या मशिनला प्लांट हेडच्या होकाराशिवाय हात लावायचा नाही. फोन उचलला नाही तर पुढचा नंबर कुणाचा, तोही उचलला नाही तर निर्णय कुणाचा, हेही त्याच कागदावर, मालकाच्या सहीनिशी. हे ठरवताना शेठ आणि प्लांट हेड यांची आमच्यासमोरच चांगली जुंपते. ती दुपारी एसीत बसून झालेली बरी.

सध्या आमचा वेळ जातोय जुन्या मशिनांमध्ये. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि शॉप फ्लोअरवर तर विंडोज 7 अजून आहे, कारण मशिन बनवणाऱ्याचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालतच नाही. पन्नास लाखांचं मशिन डब्याच्या विंडोजसाठी कुणी बदलणार नाही, आणि बदला असं आम्हीही सांगत नाही. बऱ्याच एक्सडीआरचे नवे एजंट तिथे बसत नाहीत. अशी मशिनं आम्ही वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) नेतो, त्यांचं इंटरनेट बंद करतो, पेनड्राइव्हऐवजी एकच ठरावीक शेअर देतो आणि त्या वाटेवरच्या फायरवॉलचे लॉग एक्सडीआरला जोडतो. नवीन गिऱ्हाइकाकडे गेलो की आता कोटेशनच्या आधी शॉप फ्लोअरवर एक फेरी मारतो आणि प्रत्येक डब्यावरची विंडोज लिहून घेतो. कुठलं उत्पादन घ्यायचं, हे अर्धंअधिक त्या यादीवरून ठरतं.