मामाचे कूळ

भाचीच्या लग्नाला तीन वर्षे झाली, तिचा मुलगा आता घरभर रांगतो, आणि तरीही गेल्या महिन्यात तिला एका अनोळखी वरपित्याचा फोन आला. गृहस्थ सभ्य होते. छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळतात, बघण्याचा कार्यक्रम कधी ठेवू या, असे त्यांनी विचारले. लग्न झाल्याचे कळताच ते ओशाळले, आणि बायोडेटा कुठल्याशा वधू-वर ग्रुपवर मिळाला, एवढेच त्यांना सांगता आले. भाचीने हे हसत हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही, कारण तो बायोडेटा मीच तयार केला होता आणि पहिल्या ग्रुपवर मीच टाकला होता.

त्या रात्री ती पीडीएफ पुन्हा उघडली. वर गणपती, खाली संपूर्ण नाव, जन्मतारीख, मिनिटापर्यंतची जन्मवेळ, रास, नाडी, गण, रक्तगट, नोकरीचे ठिकाण, वार्षिक पगार, घरचा पत्ता, मोबाईल क्रमांक, आणि शेवटी 'मामाचे कूळ' या ओळीत माझे आडनाव व गाव. बँकेच्या ग्राहकसेवेला फोन केला की ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख आणि पुष्कळदा आईचे माहेरचे आडनाव विचारतात. मामाचे कूळ म्हणजे नेमके तेच. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. ई-पॅनला तर नुसती जन्मतारीख पुरते. सोयरीक जुळवण्याच्या हौसेत घरच्या किल्ल्यांचा जुडगाच मी गावात फिरवला होता.

पूर्वीही हीच माहिती द्यावी लागे, पण ती विवाह मंडळाच्या वहीत असे, तिथे जाऊन हाताने उतरवून घ्यावी लागे, आणि नकार आला की फोटो परत मागवण्याची रीत होती. फॉरवर्ड केलेली फाइल परत येत नाही. ग्रुपवरचा संदेश मी नंतर पुसलाही असता, तरी तोवर ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांच्या फोनमध्ये ती राहिलीच असती.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याची तरतूदही आहे. पण वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला हा कायदा लागूच होत नाही. विवाहसंस्थेला जाब विचारता येईल. पुढच्या चार ग्रुपांवर स्थळ पाठवणाऱ्या मायाळू आत्याला कोणत्या कलमाखाली विचारणार? आणि मला तरी कोणी विचारले? भाचीची परवानगी घ्यावी, हे तेव्हा माझ्या मनातही आले नव्हते.

आता धाकट्या भाचीसाठी बायोडेटा करायचा आहे. या वेळी तिला शेजारी बसवून केला: पहिले नाव, जन्मवर्ष, शिक्षण, शहर आणि संपर्कासाठी माझा क्रमांक. जन्मवेळ बोलणे पुढे गेल्यावर फोनवर सांगायची, यावर ताई कुरकुरत का होईना, तयार झाली. मामाच्या ओळीवर मात्र ती अडून बसली आहे. "अरे, कूळ लिहिलं नाही तर लोक म्हणतील, काहीतरी लपवताहेत," असे तिचे म्हणणे आहे, आणि लोक तसे म्हणतील हे मलाही ठाऊक आहे.