नाशिकला राहायला जावं का? आमचा हिशेब

नवऱ्याला नाशिकच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवायची नोकरी चालून आली आणि डोंबिवलीतल्या आमच्या घरात रोज रात्री जेवणानंतर तोच विषय सुरू झाला. मी ठाण्यातल्या एका कंपनीचे हिशेब बघते. बरंचसं काम घरून होतं, पण आठवड्यातून दोनदा ऑफिसात तोंड दाखवावंच लागतं. मुलगी दहावीत. नवऱ्याचं पालुपद ठरलेलं, "अगं, दोन-दोन विद्यापीठांचं गाव आहे. पोरीला वातावरण मिळेल."

पंचवटीत माझी मावशी राहते. तिला सांगितलं, आधी विद्यापीठं बघून येतो, तर ती हसायलाच लागली. "तिथे काय बघणार गं? तिथे पोरं नसतात."

तरी गेलो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गावाबाहेर, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला आहे. 1989 साली सुरू झालेलं. ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी', आणि ते अगदी शब्दशः खरं आहे, कारण विद्यार्थी आपापल्या घरी. कुणी गडचिरोलीत, कुणी सांगलीत, नोकरी सांभाळून अभ्यास करणारे. आवार देखणं, झाडी भरपूर, पण कट्ट्यावर बसून वाद घालणारी पोरं म्हणाल तर दिसत नाहीत. दुसरं म्हसरूळला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ, 1998 सालचं. राज्यभरातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची कॉलेजं त्याला जोडलेली. नवऱ्याचं कॉलेजही त्यातच. परीक्षा, निकाल, संलग्नता यांचा कारभार इथून चालतो, शिकणारे आपापल्या गावच्या कॉलेजात. आणि गंमत म्हणजे नाशिकमध्ये जी पोरं बीए, बीएस्सी, बीकॉम करतात त्यातल्या बहुतेकांच्या पदवीवर नाव पुण्याच्या विद्यापीठाचं. मावशीचं म्हणणं पटलं. विद्यापीठाचं गाव म्हणून नाशिकला जायचं, हा मुद्दा आम्ही त्याच दिवशी वहीतून खोडून टाकला.

पोरं दिसतात ती कॉलेज रोडला. एचपीटी-आरवायके आणि बीवायके ही कॉलेजं एकमेकांच्या शेजारी, तिकडे गंगापूर रोडला केटीएचएम. एचपीटी 1924 सालचं, म्हणजे शंभरी उलटलेलं. संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. वडापाव, चहा, झेरॉक्स, क्लासेसच्या पाट्या, सगळं आहे. पण मुलीला मोहवलं ते वेगळ्याच जागेने. टिळक पथावर सार्वजनिक वाचनालय आहे, 1840 सालचं! आपल्याकडे तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती. तिथे जुन्या पोथ्याही जपून ठेवल्यात. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला होते. मोकळ्या आकाशाखाली, फुकट, आणि ऐकायला येणारे लोक भाजीची पिशवी घेऊनसुद्धा बसलेले असतात. कुसुमाग्रज या गावात राहिले हे पुस्तकातून माहीत होतं, पण या गावाला ऐकायची सवय आहे हे तिथे बसल्यावर कळलं. माझ्या मते नाशिकचं खरं विद्यापीठ हे. नवऱ्याला हे विधान फार भावुक वाटतं, वाटू दे.

इतिहासाबद्दल मला एक भीती होती. जुनी गावं बघायला छान, राहायला त्रासाची. पांडवलेणी, काळाराम, सुंदरनारायण हे पाहुणे आले की दाखवायचं. रोजच्या जगण्यात जुन्या नाशिकचा अर्थ वेगळा. रविवार कारंजा, भद्रकाली, सराफ बाजार या भागातले बोळ असे की रिक्षावाला आधीच विचारतो, "आत कुठपर्यंत?" वाड्यांची पडझड झालेली, पावसाळ्यात महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात. मावशीचा आग्रह होता की आम्ही तिच्याजवळच घ्यावं. तिचे यजमान, म्हणजे काका, मात्र म्हणाले, "पाव्हणी म्हणून ये, राहायला नदीपलीकडे जा."

जुन्या भागात राहायचा मोह मला एकदाच झाला, रंगपंचमीला. नाशिकला धुळवडीचं फारसं कौतुक नाही, रंग पंचमीचा. तिवंधा, तांबट लेन, शनी चौक इथल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, वर्षभर बुजवलेल्या असतात, त्या उकरून रंगाच्या पाण्याने भरतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यात धप्पा मारायचा, म्हणजे सरळ उडी. मुलगी बाहेर आली ती केशरी होऊन, आणि शाळेत परतली तेव्हाही कानामागे केशरीच होती.

आता पूर. हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन तपासला, कारण डोंबिवलीकरांना पाणी घरात शिरणं म्हणजे काय ते वेगळं समजावायला नको. पावसाळ्यात मुद्दाम गेलो. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं. नाशिककर पूर मीटरमध्ये बोलत नाहीत. पाणी गोदाघाटावरच्या उंच दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, असं विचारतात, आणि काठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला टेकलं तर मग सगळं गावच बघायला लोटतं. सराफ बाजारात दुकानं रिकामी करायची वेळ कधी येते, हे तिथल्या लोकांना या मारुतीवरूनच कळतं. 2008 च्या पुरानंतर नदीकाठी पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. तरी 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी बाजारपेठेत शिरलंच.

घरं दाखवणारा एजंट प्रत्येक ठिकाणी "पूररेषेचं इथे काही नाही हो" एवढंच म्हणायचा. म्हणून आम्ही सर्व्हे नंबर मागून घेतला आणि महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशा बघितला. गोदावरीचं सगळ्यांच्या लक्षात असतं, नासर्डी विसरतात. शहराच्या मधून जाणारी ती छोटी नदी उन्हाळ्यात नाल्यासारखी दिसते आणि जोराच्या पावसात काठच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये येते. एक आवडलेला फ्लॅट आम्ही तेवढ्यासाठी सोडला. बाकी काही विचारू नका, पण शेजारच्या दुकानदाराला "2019 ला पाणी कुठवर होतं?" हे जरूर विचारा. तो हाताने भिंतीवर दाखवतो.

माझा स्वतःचा प्रश्न ठाण्याला जाण्याचा. पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते, संध्याकाळी परत आणते. पासधारकांचं त्यात एक वेगळंच गाव असतं, वाढदिवस, हळदीकुंकू, भांडणं, सगळं डब्यात. पण नाशिकरोड स्टेशन मूळ शहरापासून आठ-नऊ किलोमीटर, मध्ये गर्दीचा द्वारका चौक. घर कॉलेज रोडला घेतलं तर गाडी पकडायला पहाटे उठावं लागणार, हे तिथल्या कुणीच आपणहून सांगत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये उघडला, कसाऱ्याचा घाट त्यामुळे टाळता येतो. तरी आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच, आणि टोल वेगळा. मी रेल्वेवरच राहिले.

शहरात फिरायला सिटीलिंकच्या बसेस बऱ्या आहेत, पण दुचाकीशिवाय नाशिकला निभत नाही. हवा छान. थंडीत शेजारच्या निफाडचा पारा घसरला की नाशिककर स्वतःची थंडी असल्यासारखे मिरवतात. पाणी डोंबिवलीच्या मानाने सुखाचं. गंगापूर रोडच्या वस्त्यांत बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येते, त्याची सवय व्हायची आहे. मिसळीवर काहीही लिहिलं तरी भांडण होईल, सोडून देते.

खरी उणीव नोकऱ्यांची. सातपूर, अंबडच्या एमआयडीसीत कारखाने आहेत, ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना आहे, पण इंजिनिअर झालेली पोरं पुण्याला जातात ती जातातच. मावशीचे दोन्ही मुलगे पुण्यात. दोन-तीन वर्षांत आमचीही जाईल, हे धरूनच आम्ही हिशेब केला.

अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे डोंबिवलीत बसूनच नाशिकच्या कॉलेजांचे पसंतीक्रम भरता आले. जूनमध्ये आलो. घर घेतलं नाशिकरोडच्या बाजूला, 'उपनगर' नावाच्या भागात, भाड्याने. नवऱ्याला कॉलेज थोडं लांब पडतं, मला स्टेशन जवळ, आणि नदी दूर. तो कुरकुरतो, पण पहाटे उठणारी मी आहे.

विकत घ्यायचं मात्र आत्ता नाही. सिंहस्थ कुंभाचं ध्वजारोहण ऑक्टोबर 2026 मध्ये, मोठी स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. रस्ते खणलेले आहेत, साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभाला येणाऱ्या साधूंच्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं तोडायच्या प्रस्तावावरून 2025 च्या अखेरीस गाव रस्त्यावर उतरलं, आणि प्रत्येक बिल्डर 'कुंभानंतर भाव दुप्पट' म्हणतोय. काका म्हणतात, 2015 च्या कुंभाआधीही असंच म्हणत होते. त्यामुळे अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा अकरा महिन्यांचाच करायचा, आणि मालक भाडं किती वाढवतो यावर बाकीचं.