उलाळ

"पॅकहाउसमधली चांगली नोकरी सोडून ओझरला विमानाखाली उन्हात उभी का राहतेस?" लग्नकार्यात हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. परवा पिंपळगाव बसवंतच्या स्टँडवर ओळखीतल्या एका मुलीनं तोच वेगळ्या तोंडानं विचारला, "ताई, मी बत्तीसची झाले. तुमच्यासारखं मला जमेल का?" विमानात चढणाऱ्या सामानाचा आणि वजनाचा हिशेब बघणं, हे माझं काम. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

मी नऊ हंगाम द्राक्षाच्या निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये डिस्पॅचला होते. अर्ध्या किलोचे पनेट म्हणजे छोटे डबे, दहा पनेटचा बॉक्स, बॉक्स रचून पॅलेट, पॅलेट थंड होऊन कंटेनरमध्ये. कोणत्या बागेचा माल कोणत्या बॉक्सात गेला, हे परदेशातून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक बॉक्सवर लेबल आणि प्रत्येक आकड्याखाली कुणाची तरी सही. ते काम मला मनापासून आवडायचं. पण हंगाम जानेवारी ते एप्रिल. पुढचे आठ महिने मी नुसती फायली लावत बसायची. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वाटलं, हाच हिशेब रोज करायला मिळेल असं काम कुठे असेल?

विमानाचं वेड वगैरे म्हणाल, तर आमच्या भागात ते वेगळं लागत नाही. ओझरला एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, लढाऊ विमानांचा कारखाना 1964 पासून आहे, मिग विमानं तिथेच बनली, आणि गावाला अजूनही सर्रास 'ओझर मिग' म्हणतात. सुखोई डोक्यावरून गेलं की बागेत बोलणं आपोआप थांबतं, आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू होतं. पण विमान जमिनीवर असताना त्याच्याभोवती कोण काय करतं, याचा मी कधी विचार केला नव्हता.

काम शोधताना एका संस्थेनं विमानतळावरच्या नोकरीची हमी देऊन माझ्याकडून फी घेतली. सहा महिने केस कसे बांधायचे, हसायचं कसं, घोषणा कशी करायची, एवढंच शिकवलं. वजनाच्या हिशेबाचा एकही तास झाला नाही आणि हमीचं पुढे कुणी नाव काढलं नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी माझं ऐका. खरं शिक्षण कामावर घेतल्यावर कंपनीच देते: सुरक्षा, रॅम्पवरचे (विमानं उभी असतात त्या जागेवरचे) नियम, धोकादायक वस्तूंची हाताळणी. हे शेवटचं प्रशिक्षण तर दर दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. मला काम मिळालं ते मुंबईत, लोड कंट्रोलमध्ये, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब ठेवणाऱ्या विभागात. पगार पॅकहाउसपेक्षा कमी होता. घरात त्यावरून बरंच बोलणं झालं, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

तिथे पहिल्या आठवड्यात ट्रिम शीट, म्हणजे विमानाचा तोल काढायचा तक्ता, समोर आली. कागदावर तिरक्या रेषा. विमानाच्या पोटातल्या प्रत्येक कप्प्यात किती किलो, कोणत्या रांगांत किती माणसं, टाक्यांत इंधन किती, यावरून एकेक पायरी सरकत गुरुत्वमध्य काढायचा. तो ठरलेल्या मर्यादेच्या आतच पडला पाहिजे. मला काही केल्या कळेना. रात्री खोलीवर वडिलांची बैलगाडी आठवली. निफाड तालुक्यातलं आमचं गाव, लासलगावला कांदा जायचा. मागच्या अंगाला दोन पोती जास्त पडली की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्यातलं जोतं आवळायचं. पुढे जास्त पडली की सगळा भार बैलांच्या मानेवर. एकूण पोती तेवढीच, फक्त जागा चुकलेली. वडील खाली उतरून पोती सरकवायचे, जू हातानं उचलून बघायचे, मगच निघायचे. दुसऱ्या दिवशी ट्रिम शीट सुटली.

उलाळ म्हणजे काय, हे एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानाच्या शेपटाखाली डोळ्यांनी बघता येतं. त्या विमानात प्रवासी मागच्या दारानं चढतात. सगळे एकदम मागे गोळा झाले तर शेपूट खाली बसू नये म्हणून तिथे टेकू लावतात. बैल सोडलेल्या गाडीला लावतात तसाच.

प्रशिक्षणात एक अपघात शिकवला, तो मी विसरू शकत नाही. 8 जानेवारी 2003, अमेरिकेतलं शार्लट. एकोणीस आसनांचं छोटं विमान उडालं, नाक वर वर जात राहिलं आणि मिनिटाच्या आत कोसळलं. दोन वैमानिकांसह आतले एकवीसही जण गेले. शेपटीकडच्या नियंत्रणाची केबल दुरुस्तीत चुकीची लावली गेली होती, आणि विमान मागे जड होतं. कागदावर मात्र सगळं मर्यादेत होतं, कारण माणसांची वजनं जुन्या सरासरीनं धरली होती आणि खरी माणसं त्याहून जड होती. नंतर तिथे ती सरासरी वाढवावी लागली. वैमानिकांनी त्यांना दिलेल्या कागदावर विश्वास ठेवला होता.

आता मी ओझरला रॅम्पवर असते. बऱ्याच कंपन्यांची लोडशीट, म्हणजे वैमानिकाला द्यायचा वजनाचा कागद, हल्ली दूरच्या एका कार्यालयात तयार होते. पण पुढच्या कप्प्यात किती बॅगा गेल्या आणि मागच्या कप्प्यात किती, हे तिथून कुणाला दिसत नाही. ते विमानाखाली उभ्या असलेल्या माणसानं बघून कळवायचं. एखादा प्रवासी चेक-इन करून आलाच नाही तर त्याची बॅग उतरवावीच लागते. सगळा माल भरून झालेला, सुटायला दहा मिनिटं, आणि शंभर बॅगांतून एक टॅग शोधायचा. अशा वेळी लोडर पोरं घामानं निथळत असतात आणि कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, एवढ्यानं काय होतंय?" मी थांबते. बॅग मिळते, आकडा बदलतो, नवा कागद वर जातो. चॉक्स, म्हणजे चाकांना लावलेले अडसर, निघतात. विमान वळून धावपट्टीकडे जातं तेव्हा माझं अंग अजूनही शहारतं. त्यातला प्रत्येक किलो कुठे आहे, ते मला ठाऊक असतं.

मग सोडलं काय? खरं सांगायचं तर फार काही सोडलेलं नाही. बॉक्स गेले, बॅगा आल्या. सणवार मात्र गेले. दिवाळीत गर्दी जास्त, म्हणून रजा नाही. मेमध्ये रॅम्पवर पाय बुटातून भाजतात. कानांवर मफ असूनही रात्री डोक्यात आवाज राहतो. मुलाची शाळेतली दोन स्नेहसंमेलनं मी पाहिलेली नाहीत. याची भरपाई कशानं होते, असं मी कुणाला सांगत नाही.

त्या मुलीला स्टँडवर मी विचारलं, "आत्ता काय करतेस?" ती दवाखान्यात औषधांच्या साठ्याची नोंद ठेवते, सात वर्षं झाली. "मोजणीत फरक आला तर?" ती म्हणाली, "मग घरी जात नाही, सापडेपर्यंत." मी म्हटलं, "जमेल." मग तिला कागद सांगितले: पदवीचं प्रमाणपत्र, पत्त्याचे पुरावे, आधीच्या नोकरीचा दाखला. विमानतळाच्या आत जायचा पास नागरी विमान सुरक्षा ब्युरो देतो, त्याआधी पार्श्वभूमीची पडताळणी होते आणि तिला वेळ लागतो. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, ते आजच बघ, म्हटलं. तिचं लग्नानंतर बदललं होतं. तिनं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं, तेवढ्यात नाशिकची गाडी लागली.